पुष्पाबाईचं सोडियम

भगवानरावांना एक खोड होती. समोरच्याचं बोलणं निम्मं ऐकायचं आणि उरलेलं स्वतःच पुरं करायचं. वडनेर भोलजीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आजवर त्यापायी कोणाचं फारसं बिघडलं नव्हतं. या खेपेला मात्र गाठ पुष्पाबाईच्या जिवाशी होती.

पुष्पाबाई त्यांची बायको. दोन वर्षांपासून तिला धाप लागत होती. फुप्फुसातल्या नसांचा दाब वाढलेला, आणि त्या दाबाशी झुंजून हृदय दमलेलं. खामगावच्या डॉक्टर शाहीन यांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, सोडियम १२७ आलंय. १३५च्या वर हवं. या आजारात हा आकडा उतरला, की समजायचं हृदय थकत चाललंय. फार जपावं लागेल."

"सोडियम म्हंजे मीठच ना?"

"मीठ म्हणा हवं तर, पण..."

"समजलं!" म्हणत भगवानराव चिठ्ठी उचलून औषधाच्या दुकानाकडे सुटले. डॉक्टरांचं पुढचं बोलणं एकट्या पुष्पाबाईने ऐकलं.

घरी येताच त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. "दोन वर्सं अळणी खाऊ खाऊच तं तुयं मीठ संपलं! सरळ गोष्ट आहे!" ज्या माणसाने उभ्या जन्मात पाण्याचा पेला स्वतः भरून घेतला नव्हता, तो आता बायकोचं ताट वाढू लागला. भाकरी, ठेचा, ठेच्यावर वरून मीठ, ताकात मीठ, शिवाय दोन पापड. शेजारच्या अमीनाला ते सहज बोलून गेले, तर तासाभरात तिने लिंबाच्या लोणच्याची बरणी पाठवली. आठवड्यात अशा सात बरण्या जमल्या. गाव मोठं मायाळू, आणि भगवानरावांच्या तोंडाला कुलूप नाही.

"खाय वं, लाजू नको," ते समोर बसून म्हणत.

पुष्पाबाई ताटाकडे पाही, नवऱ्याकडे पाही, आणि गालात हसून घास घेई. तेवढ्यानेच भगवानरावांना दहा हत्तींचं बळ येई.

आठव्या दिवशी तिची चप्पल पायात जाईना. दहाव्या दिवशी ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना ती मधेच बसली. ओठ निळे पडले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. भगवानरावांचं धाबं दणाणलं. अमीनाच्या बिलालने गाडी काढली आणि त्यांना तडक खामगावला नेलं.

आकडा आला १२३.

"मीठ द्या असं कोणी सांगितलं?" डॉक्टर शाहीन यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "वरणात पाणी जास्त झालं की ते अळणी लागतं ना, काका? मीठ असतं तेवढंच. काकूंच्या अंगात पाणी साचलंय. वरून मीठ घातलं की शरीर आणखी पाणी धरून ठेवतं. आणि तो आकडा तर नुसती खबर देतो. दुखणं हृदयाचं आहे."

भगवानरावांना लोणच्याच्या सात बरण्या आठवल्या. आपल्याच हाताने, कौतुकाने वाढून वाढून आपण हिला मारायला निघालो होतो! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मॅडम, वाचते ना पुष्पा?"

"चार दिवस द्या मला," डॉक्टर म्हणाल्या.

ते चार दिवस भगवानराव कॉटपासून हलले नाहीत. साचलेलं पाणी लघवीवाटे काढायची इंजेक्शनं चालू होती, पाणी मोजून द्यायचं होतं. त्यांनी बाटलीवर पेनाने रेघा ओढल्या आणि घोट घोट पाजलं. तिने एक घोट जास्त मागितला तरी ते डोळे वटारायचे. "काका, आमची नोकरी घालवता का?" असं नर्स म्हणायच्या.

पाचव्या दिवशी सकाळी आकडा १३२ झाला. पायांची सूज उतरली, आणि पुष्पाबाईने कंगवा मागितला.

"छान!" डॉक्टर म्हणाल्या. "पण जपणं जन्माचं आहे. गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी, पाणी मोजून. मागच्या वेळीच काकूंना सांगितलं होतं हे सगळं."

भगवानराव गर्रकन वळले. "तुले मालूम होतं?"

"हाव."

"मंग काऊन खाल्लं वं? जीव गेला असता ना तुया!"

पुष्पाबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एवढं होईन असं नाई वाटलं मले. अन् चाळीस वर्सांत पहिल्यांदा तुमी ताट वाढून समोर बसले. म्या मनात म्हनलं, खरं सांगतलं तं उद्यापासून उठून जाईन हा माणूस."

डॉक्टर शाहीन फाईल उघडून उगाच वाचत राहिल्या. भगवानरावांना एकदम हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी दोन्ही होऊ दिलं.

"जातो कुठं," नाक पुसत ते म्हणाले. "अळणी वाढीन, पण रोज मीच वाढीन. अन् मीबी तेच खाईन."

"तुमाले नाई जमणार."

"पाह्य तं खरं!"

दुपारी त्यांनी दवाखान्याची अळणी भोपळ्याची भाजी दोन ताटांत वाढली. पहिल्याच घासाला त्यांचं तोंड असं काही वाकडं झालं, की पुष्पाबाई खो खो हसत सुटली. हसता हसता तिने कॉटच्या दांडीला धरलं, डोळे पुसले, पुन्हा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा हसली. तिला धाप लागली नाही.