न्यायमूर्ती लूथर यांचा काळा झगा

मी एक जुना काळा झगा आहे. मित्रांनो, अमेरिकेतल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती लूथर हॅल्सी यांनी मला आयुष्यभर अंगावर वागवले. पहिल्या दिवशी त्यांची पत्नी म्हणाली होती, “रुबाबदार दिसतोस खरा. पण घरी भांडी तुलाच घासायचीत.”

आमच्याकडे साक्षीदार येत नाहीत. खालच्या न्यायालयाचे काही चुकले का, एवढेच तीन न्यायमूर्ती मिळून तपासतात. वकिलांचे बोलणे संपले की तिघेही खाली उतरून त्यांच्याशी हात मिळवतात. मग बंद खोलीत मते सांगतात. सगळ्यांत नवा असेल त्याने आधी बोलायचे, म्हणजे त्याच्यावर मोठ्यांचे दडपण येत नाही.

पहिल्याच हिवाळ्यात वेस्ली गॅस्किन्सचे प्रकरण आले. दरोड्याबद्दल शिक्षा होऊन तो तुरुंगात होता. दरोडेखोर हाच, अशी ओळख पटवणाऱ्या एकमेव साक्षीदार बाईने आधी भलत्याच माणसाकडे बोट दाखवले होते आणि सरकारी पक्षाने ते दडवले होते. खटला पुन्हा चालावा, एवढेच त्याच्या आईचे, व्हर्नाबाईंचे मागणे होते. हात मिळवताना लूथर यांनी वेस्लीच्या तरुण वकिलाचा हात जरा जास्तच वेळ धरला. बाहेर पडताना व्हर्नाबाई त्या वकिलाला म्हणाल्या, “त्या नव्या साहेबांना पटलंय बघ, पोरा. हात सोडतच नव्हते.”

खरेच पटले होते. पण खोलीत गेल्यावर ज्येष्ठ न्यायमूर्ती टॉलिव्हर टोपी उचलत म्हणाले, “सोपं आहे हे. बोल लूथर, मग जेवायला जाऊ.”

लूथर यांचा घाम माझ्या अस्तरात उतरला. आल्या आल्या मोठ्यांना आडवे जाणे त्यांच्या जिवावर आले.

“अपील फेटाळावं,” ते म्हणाले. बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

वेस्लीने पूर्ण शिक्षा भोगली. तो सुटला तेव्हा व्हर्नाबाई या जगात नव्हत्या.

लूथर यांचे पुढे नाव झाले. त्यांचे निकाल विद्यार्थी अभ्यासू लागले. कोणी कौतुक केले की त्यांचे हात संकोचून माझ्या बाह्यांत शिरत. त्या दिवशीचे तिसरे न्यायमूर्ती पर्किन्स निवृत्त होत होते, तेव्हा झगे उतरवताना लूथर यांनी वेस्लीच्या प्रकरणातले मनातले अखेर त्यांना सांगितले.

पर्किन्स खाली बसले. “मलाही शंका होती रे,” ते म्हणाले. “तू बोलशील, मग मी साथ देईन, म्हणून थांबलो होतो.”

खटला पुन्हा चालायला तिघांपैकी दोघे पुरेसे होते, मित्रांनो. लूथर मला मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा माझी घडी घालत राहिले.

आता ते थकले आहेत आणि मी कपाटात आहे. मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. आणि असा झगा घातलेला माणूस दिसला तर त्याला भीती वाटतच नसेल, असे समजू नका. त्या दुपारी मी लूथर यांचे थरथरणे झाकले. ते दिसले असते, तर कोणीतरी नक्की म्हणाले असते, “थांब बाबा, सावकाश बोल. जेवण कुठे पळून चाललंय?”