मीटरवरचं घरटं

सकाळी उठलं की निराली आधी दीड वर्षांच्या ध्यानीचं कपाळ चाचपायची आणि मग तोच हात उलटा करून पाळण्यामागच्या भिंतीवर ठेवायची. भिंतीपलीकडे जिन्यात मीटरचा बोर्ड होता. कपाळ थंड असायचं. भिंत मात्र आठवडाभर कोमट लागत होती.

“बापुजी, भिंतीला ताप आहे.”

“वैशाख आहे, बेटा. अख्ख्या अमदावादला ताप आहे,” पेपरातून मान न काढता सासरे म्हणाले.

जसवंतभाई पस्तीस वर्षं मिलमध्ये फिटर होते. नातीला घामोळं आलं म्हणून गेल्या महिन्यात त्यांनीच हौसेनं एसी आणला. पोळमधल्या, जुन्या शहराच्या अरुंद गल्लीतल्या त्या लाकडी घराला तो सोसेना. रोज फ्यूज उडू लागला. तेव्हा त्यांनी वायरीचे चार पदर पिळून फ्यूजमध्ये बसवले आणि मिशीत हसले, “आता उडून दाखव म्हणावं!”

निरालीनं शेवटी त्यांना न विचारताच वायरमन रमणीकभाईला बोलावलं. त्यानं फ्यूज उपसला आणि कपाळावर हात मारला.

“काका, हा बिचारा ओरडून सांगत होता, वायर थकलीय. तुम्ही त्याचं तोंडच बांधलंत!”

“घरात ओरडणारी एक आहे की,” जसवंतभाई बायकोकडे बघत म्हणाले.

सगळे ज्यांना ‘बा’ म्हणत त्या निरालीच्या सासूबाईंचं, हसुमतीबेनचं, मात्र तिकडे लक्ष नव्हतं. बोर्डाच्या वरच्या फळीवर चिमणीचं घरटं होतं आणि त्यातून तीन चोची उघडल्या होत्या.

“रमणीकभाई, हात लावायचा नाही. पिल्लं उडू देत. बारा-पंधरा दिवस.”

रमणीकभाईनं पेचकस खिशात ठेवला. “बा, बोर्ड काढल्याशिवाय काही होणार नाही. पण हे पाप मी कशाला घेऊ? नंतर येतो.”

निरालीची नजर सुक्या गवतावर होती. त्याच्या काड्या खाली वायरींपर्यंत लोंबत होत्या.

“बा, ठिणगी पडली तर पहिली तीच जळतील.”

हसुमतीबेननी विचारलं, “मग करायचं काय?”

निरालीनं हात वर करून मेन स्विच खाली ओढला. आतला पंखा कुरकुरत थांबला.

“या उन्हात?” जसवंतभाई ओरडले. “पोरगी करपेल!”

“करपू नये म्हणूनच, बापुजी. पिल्लं उडेपर्यंत बंद.”

दिवस मावळायच्या आत जेवणारं जैन घर ते. दिव्यावाचून फारसं अडलं नाही. अडलं ते दुपारी. ओल्या चादरी खिडक्यांना लावल्या तरी ध्यानीच्या पाठीवर पुन्हा लाल पुरळ उठलं. पावडर लावताना निरालीच्या मनात यायचं, भिंत खरंच तापली होती ना? की माझंच डोकं? जसवंतभाई दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हातपंखा घेऊन मुकाट पाळण्याशी बसले आणि मग रोजच बसू लागले.

तेराव्या दिवशी घरटं रिकामं झालं. हसुमतीबेननी ते दोन्ही हातांनी उचलून गच्चीवर नेलं. रमणीकभाईनं बोर्ड सोडवला आणि थबकला.

फळीची मागची बाजू कोळसा झाली होती. आत भिंतीतला वासाही काळा पडला होता, थेट पाळण्याच्या उशापर्यंत.

जसवंतभाईंनी वाशावरून बोट फिरवलं. मग फ्यूजमधले चारही पदर एकेक करून सोडवले.

“मीच पिळले होते हे.”

“तिला गार वाटावं म्हणूनच ना, बापुजी,” निराली म्हणाली.

सगळी वायर नवी घालायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी निरालीला जाग आली तेव्हा जसवंतभाई आधीच पाळण्यामागे उभे होते. त्यांचा उलटा हात भिंतीवर होता.

“थंड आहे,” ते हळूच म्हणाले. “तू पोरीचं कपाळ बघ.”