कोंडघरचा झुलता पूल

कोंडघरचा झुलता पूल गावकऱ्यांनीच उभारलेला. त्याआधी नदी ओलांडायला होडीच होती. एका पावसाळ्यात ती उलटली, चार घरांत रडारड झाली आणि गाव इरेला पेटलं. मुंबईत गोदीत कामाला असलेले बाबाजी रजा टाकून आले. त्यांनी जाड तारदोर आणवले, जांभ्याचे खांब चढवले. बौद्धवाडी आणि कुणबीवाडीने मिळून फळ्या ठोकल्या. पुढे सगळ्या गावाचं जाणंयेणं त्याच पुलावरून. पुलाने कधी दगा दिला नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मात्र एके दिवशी दुपारपासूनच नदी फुगली. मुलांची घरं एका काठाला, शाळा दुसऱ्या. शाळेच्या शिक्षिका नम्रताबाई दापोलीहून नुकत्याच बदलून आलेल्या. शाळा सुटताना त्या पुलाच्या तोंडाशी आल्या. वाहत आलेलं एक झाड तारेत अडकून पूल एका अंगाला ओढत होतं. त्यांनी मुलांना मागेच थांबवलं.

तेवढ्यात फोन वाजला. समोरच्या काठावरून बाबाजी बोलत होते.

"बाई, पोरांना सोडा. पानी अजून चढंल. पूल मी बांधलाय, त्याला काय होत नाय. माजी नात श्रुतीपन हाय त्यांच्यात."

"बाबा, मला पुलातलं काही कळत नाही. पण माझा धीर होत नाही. मुलं आज शाळेतच राहतील."

"आता तुमी आमाला पूल शिकवनार?"

मागून आणखी लोकांचा आरडाओरडा ऐकू आला. बाईंनी फोन ठेवला आणि मुलांना घेऊन टेकाडावरच्या शाळेत परतल्या. तिथे खिचडी शिजायला टाकली. श्रुती रुसून भिंतीकडे तोंड करून बसली.

दिवेलागणीला कडाड असा आवाज झाला. पूल गेला.

पुन्हा फोन आला.

"बाई... पोरं?"

"सगळी माझ्यासमोर जेवतायत. श्रुतीने तर दुसऱ्यांदा वाढून घेतलंय."

पलीकडे म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला.

सकाळी पाणी ओसरल्यावर माणसं लांबच्या वळणाने टेम्पोतून आली. बाबाजींनी नातीला छातीशी धरलं, मग बाईंपुढे हात जोडले.

"जय भीम, बाई. माजं ऐकलं नाय, लय बरं केलंत."

रात्रभर घट्ट राहिलेल्या नम्रताबाईंना तेव्हा कुठे रडू फुटलं. बाबाजी म्हणाले, "चला घरी. आज आमच्याकडं जेवायचं. पूल काय, फिरून बांधू. या टायमाला खांब आनखी वर घ्यायचे."