न केलेली सही

पक्ष निवडणूक हरून आठवडा झाला होता आणि प्रेस्टन केलला आता नियमावर सही करायची घाई झाली होती.

"शुक्रवारी समारंभ," तो म्हणाला. "कॅमेरे येतील. ॲडेल, तू माझ्या शेजारी उभी राहा. राबलीस तूच."

पर्यावरण खात्यातली शास्त्रज्ञ ॲडेल हॉक्स्ट्रा खुर्चीत बसली नाही. वीजकेंद्रांच्या कोळशाच्या राखेच्या तलावांतून विहिरींत झिरपणाऱ्या आर्सेनिकवरचा तो नियम तिनं सहा वर्षं खपून उभा केला होता. मार्चमध्ये तो तयार होता. पण प्रेस्टन खात्यावर पक्षानं नेमलेला साहेब. कोळशाच्या राज्यातला पक्षाचा सिनेटर अडचणीत येईल म्हणून त्यानं तो दाबून ठेवला. सिनेटर तरीही पडला, आणि सत्ताही गेली.

"आता सही करू नकोस," ती म्हणाली.

प्रेस्टन हसला. "मार्चमध्ये मला भित्रा म्हणालीस. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं होतं."

"होतासच. तेव्हा सही केली असतीस तर नियम टिकला असता. सरकार जाताना इतक्या उशिरा केलेला नियम नवी संसद साध्या बहुमतानं उडवते. आणि एकदा उडवला की नवा कायदा होईपर्यंत तसला नियम या खात्याला पुन्हा करता येत नाही. न केलेला नियम कुणाला उडवता येत नाही. तो पुढे कधीतरी येणाऱ्या, त्यावर सही करू पाहणाऱ्या सरकारसाठी राहतो."

"कपाटात राहतो. मला जाताना दाखवायला काहीतरी हवंय."

"पुढच्या नोकरीसाठी?"

"जपून बोल. जानेवारीत सरकार बदलेपर्यंत मी तुझा वरिष्ठ आहे."

"म्हणून तोंडावर सांगते. शास्त्रीय तपासणी पूर्ण झाल्याचा माझा दाखला लागतो. तो मी मागे घेतेय. आणखी एका उन्हाळ्याचे नमुने हवेत."

"नकोत. तुलाही माहीत आहे."

तिला माहीत होतं. त्या आकड्यांत शंकेला जागा नव्हती. मोजमापाबद्दल ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलत होती, आणि तेही या माणसासमोर.

"झालीस की पक्की राजकारणी," प्रेस्टन म्हणाला. "माझ्याच तालमीत."

ती आपल्या खोलीत आली आणि तिनं ओलेटा स्टॅम्परला फोन लावला. पहिला नमुना ओलेटाच्या विहिरीचा होता. समारंभाला तिलाही बोलावणं गेलं होतं.

"डॉक्टरबाई, बसचं तिकीट काढलंय," ओलेटा म्हणाली. "कोटही धुऊन ठेवलाय."

"येऊ नका. सही होणार नाही."

"म्हणजे आम्ही अजून विकतच्या पाण्याच्या बाटल्याच वाहायच्या?"

"हो. विहिरीचं पाणी पिऊ नका."

"अडवलं कुणी? त्या पक्षाच्या माणसानं?"

ॲडेलनं उघड्या दारातून प्रेस्टनच्या खोलीकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. मार्चपुरतं ते खरंही होतं.

"या वेळी मी," ती म्हणाली आणि कारण सांगायला लागली. तोवर ओलेटानं फोन ठेवला होता.