आठशे मिली

नोव्हेंबर २००६. दुपारचे चार. अमरावतीतला एक धर्मादाय दवाखाना, पुरुषांचा वॉर्ड, खाट क्रमांक एकोणीस. त्या खाटेच्या दांडीला लटकलेली लघवीची पिशवी मी बोलतेय.

मी दोन लिटरची. कारखान्यात माझ्या अंगावर आकडे छापले, तेव्हाच माझं काम ठरलं. माणसाच्या पोटातून किती उतरलं, ते खरं दाखवायचं. लोक मला पाहून तोंड फिरवतात. फिरवोत.

माझा माणूस सहदेव, वलगावचा भाजीवाला, वय सदुसष्ट. प्रोस्टेट वाढून त्याची लघवी अडली होती. नऊ महिने तो नळी लावून मेथी-पालक विकत होता. नळीची पिशवी कापडी थैलीत लपवलेली असायची. दुर्बिणीनं ऑपरेशन करायचं तर नागपूर गाठायला हवं होतं. इथे पोट उघडूनच. बारा वाजता ते झालं आणि चांगलं झालं. डॉक्टरांच्या हाताला मी नावं ठेवणार नाही.

अशा ऑपरेशननंतर रक्त येतं. त्याच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वरच्या बाटलीतून सलाइन मूत्राशयात सोडतात. ते सगळं धुऊन माझ्यात उतरतं. चार वाजता मला रिकामी करून सिस्टर सहदेवच्या बायकोला म्हणाल्या, "गंगूबाई, पिशवी भरली की सांगा." चाळीस खाटांना त्या एकट्या होत्या.

गंगूबाई स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. मी भरलेच नाही.

"एक थेंब नाही पाहा. रक्त थांबलं वाटते," ती खुशीत म्हणाली.

"मंग उद्या घरी चाल. इथचा चहा म्हंजे कोमट पानीच हाय," सहदेव म्हणाला. कमरेखाली तो अजून बधीर होता.

सहानंतर भूल उतरली. "पोट फुटून राहिलं माय!" तो ओरडला.

शेजारच्या खाटेवर अकोल्याच्या जठारपेठेतले नबीभाई होते. मोटारपंप दुरुस्त करणारा माणूस. ते कोपरावर उठले. "भाभी, उपरसे पानी चालू, नीचे थैली खाली. मंग पानी चाल्लं कुठं?"

गंगूबाईनं जन्मभर वाफ्यांना पाणी दिलं होतं. ती धावतच सुटली. "सिस्टर, नळी तुंबली!"

साडेसहा वाजले होते. पिचकारी लावायला मला नळीपासून सोडवून खाटेखाली टाकलं. गुठळ्या निघाल्या, पण रक्त थांबेना. त्याला पुन्हा टेबलावर नेलं. त्याच्या गटाची रक्ताची एकच बाटली मिळाली. दुसरी अकोल्याहून निघाली होती. ती पोचायच्या आत, सकाळी नऊला, सहदेव गेला.

त्या साली वऱ्हाडातली शेतकऱ्यांची मरणं मोजायला दिल्लीहून माणसं येत होती. हे मरण त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

केसपेपरवर लिहिलं गेलं, 'नातेवाइकांनी वेळेवर कळवले नाही.' कारकुनानं ते गंगूबाईला वाचून दाखवलं.

"मले भरल्यावर सांगाले सांगतलं होतं," एवढंच ती म्हणाली. खाटेखाली वाकून तिनं मला उचललं, थैलीत घातलं आणि वलगावला नेलं. तिथे खुंटीला मी अजून आहे. पिवळी पडले, पण आकडे वाचता येतात.

लेक प्रतीक्षानं खेटे घालून दवाखान्यातून कागद काढले. आता माझी एकच विनंती आहे. मला त्या कागदांशेजारी ठेवा आणि वाचा. पिशवीत दर तासाला किती उतरलं ते लिहायच्या तक्त्यात माझ्या नावावर पाच वाजता चारशे मिली आहे, सहा वाजता पुन्हा चारशे मिली. दोन्हींपुढे सिस्टरांची सही आहे.

चार ते साडेसहा माझ्यात एक थेंब उतरला नव्हता.