टेबलाशी झोपलेली डीवर

आमच्या हार्लेम शहरात चित्रावरून माणसाची पारख करतात. ती चुकली तर पारख करणाऱ्याचं काही जात नाही. जातं ते माझ्यासारखीचं.

मी डीवर. चित्रकार योस्ट यांच्या घरी सात वर्षं मोलकरीण आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांची धाकटी सारा तापानं फणफणली, तेव्हा दोन रात्री मी तिच्या उशाशी बसून काढल्या. डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी हेरिंग मासे साफ करायला बसले, टेबलावर कोपर टेकलं आणि तिथंच झोप लागली. मालकांनी उठवलं नाही. समोर बसून माझं चित्र काढलं. मागाहून आपल्या मनानं शेजारी कलंडलेला दारूचा चंबू घातला आणि मांजराच्या तोंडात मासा दिला. आमच्या घरात मांजरच नाही.

ते चित्र बाहेरच्या खोलीत टांगलंय. आलागेला बघून हसतो. खरं सांगते, मीही हसायचे.

नोव्हेंबर लागला, चाकऱ्या बदलायचे दिवस आले. तिकडं होर्नला माझी आई एकटी असते. डोळ्यांनी अधू झालीय, परवाच चुलीवर हात भाजून घेतला. तिच्याच गल्लीतल्या एका विधवाबाईंना मोलकरीण हवी होती. ती जागा मिळाली असती, तर रोज चूल मीच पेटवली असती, आईला दोन घास गरम घातले असते.

शनिवारी त्या बाई मला पाहायला आल्या, मालकीणबाईंकडून माझी चौकशी करायला. मी पहाटेच उठून दारातल्या पायऱ्या वाळूनं घासल्या होत्या. बाई खुर्चीत टेकल्या, तर समोर चित्र.

“अगंबाई! ही तीच का?”

“तीच,” मालकीणबाई म्हणाल्या.

“पिते की काय?”

‘छे’ म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? मालकीणबाई शेगडीवर पाय शेकत नुसत्या हसल्या. “आता मी काय सांगू? चित्र तुमच्यासमोरच आहे.”

माझं डोकं फिरलं. “बाईसाहेब, सांगा ना! साराच्या उशाशी कोण जागत होतं ते सांगा. तो चंबू तर मालकांनी...”

“बघा,” मालकीणबाई पाहुणीकडं वळल्या, “आणि वर जीभ ही अशी.”

विधवाबाईंनी हातमोजे चढवले. “झोपाळू एक वेळ चालली असती. उलट बोलणारी नको गं बाई.” होर्नची होडी सुटायला अजून तास होता, तरी थांबल्या नाहीत.

दार लावून मालकीणबाई माझ्याजवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला.

“रडतेस काय, वेडे? तू गेलीस तर माझं कसं व्हायचं? सारा तर तुझ्याशिवाय जेवतसुद्धा नाही. तुझ्यासारखी दुसरी मला कुठं मिळायची?”

म्हणजे सगळं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच गप्प बसल्या. त्यांचा हात मी खांद्यावरून झटकलासुद्धा नाही, याचाच मला आज जास्त राग येतो.

शनिवारी चौकटी पुसायच्या असतात. फडकं घेऊन चित्रासमोर उभी राहिले. चित्रातली ती मेली आरामात झोपली होती.

होर्नला आई या वेळेला चाचपडत चूल पेटवते.