कुंपणात कोंडलेली डेझी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही वीतभर उंचीचे आहात असं समजा. चहूकडे डोक्यावर गेलेलं सुकं गवत. वारा वरच्या वर निघून जातो, तुमच्यापर्यंत पोचतच नाही. जीव घाबरा होतोय ना? माझा रोज होतो.

मी एक जुनी डेझी आहे. ऑस्ट्रेलियात, गव्हाच्या शेतांमधून गेलेल्या रुळाकाठी माझं घर. मला पाकळ्यांची झालर नाही. सदऱ्याच्या गुंडीएवढं पिवळं फूल, बस्स. आजूबाजूची सगळी जमीन नांगरली गेली, रुळाकाठची पट्टी तेवढी वाचली. तिथलं गवत क्लॅरी आणि त्याचे रेल्वेतले सोबती दरवर्षी पेटवून देत. जाळ भर्रकन वरून निघून जाई. मी मुळाशी दडून बसे आणि मोकळ्या उन्हात पुन्हा फुटे.

मग गाड्या बंद झाल्या. गावाला आमची माया आली. कुंपण आलं, पाटी आली: 'फुलं तोडू नयेत, गवत जाळू नये.' त्या दिवसापासून गवत वाढतंच आहे. आम्ही तीनशे होतो, सात उरलो. मित्रांनो, मला जपायचं तर मला कोंडू नका. थोडा उजेड द्या. पावसाच्या सरी तोंडावर आल्यात. आता उजेड मिळाला नाही, तर मला नवे कोंब फुटणार नाहीत.

आज म्हातारा क्लॅरी नातीला, नेरिडाला, घेऊन आला. कुंपण घालणाऱ्या समितीची प्रूही आली.

"प्रू, हे जाळायला हवं. आगीचा बंब बोलावू, शनिवारी उरकून टाकू."

"पाटी वाच, क्लॅरी."

"वाचायची कशाला? मीच रंगवलीय. चुकलो."

"चौदा वर्षांनी कळलं? आणि सातही जळाल्या तर?"

"मुळं राहतात. तीस वर्षं जाळलंय मी. तू तेव्हा शहरात टोप्या विकत होतीस."

"त्यातलीच एक अजून तुझ्या डोक्यावर आहे. समितीला विचारल्याशिवाय काडी ओढायची नाही."

"समिती बसणार कधी?"

"ऑगस्टात."

ऑगस्टपर्यंत मी कुठली टिकतेय?

नेरिडा पाटीकडे बघत होती. "आजोबा, गवत कापू नये असं कुठे लिहिलंय?"

क्लॅरीने प्रूकडे पाहिलं. प्रूने पाटी पुन्हा एकदा वाचली.

नेरिडा आजोबांच्या मोटारीकडे पळाली आणि मेंढ्यांची लोकर उतरवायची कात्री घेऊन आली. "प्रू, कुंपणाची तार जरा वर धरता?"

प्रूने सुस्कारा सोडला आणि तार वर धरली.

"आधी पाय आपट," क्लॅरी म्हणाला, "साप असतील."

नेरिडाने दोनदा पाय आपटले, पोटावर पालथी झाली आणि माझ्या उशाशी वाढलेल्या गवताची पहिली मूठ कापली.